तांबड्या पेशीवर लेझर: मधुमेह ओळखला, की रक्ताचा बल्ब?

एक तांबडी पेशी घ्यायची, तिच्यावर लेझरचा झोत टाकायचा, विखुरलेल्या प्रकाशाचा रामन वर्णपट (रेणूंवर आदळून प्रकाशाची तरंगलांबी किती सरकली त्याचा आलेख) काढायचा आणि रक्त मधुमेही माणसाचं आहे की नाही ते सांगायचं. कल्पना सुटसुटीत आहे. या विषयावरच्या शोधनिबंधांत नव्वद-पंचाण्णव टक्के अचूकतेचे आकडेही सर्रास दिसतात. आकडा वाचला की मी आधी एकच गोष्ट शोधतो: मधुमेहींचं आणि निरोगी लोकांचं रक्त एकाच प्रकारच्या बल्बमध्ये, म्हणजे रक्त गोळा करायच्या नळीत, घेतलं होतं का? साखर तपासायला आलेल्या रुग्णाचं रक्त फ्लोराइड-ऑक्झलेटच्या राखाडी टोपणाच्या बल्बमध्ये जातं. निरोगी स्वयंसेवकाचं बहुधा रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये. ऑक्झलेट पेशीतलं पाणी ओढून तिला आक्रसवतं आणि फ्लोराइड तिचं साखर जाळणं थांबवतं. म्हणजे दोन गटांच्या पेशी लेझरखाली येण्याआधीच वेगळ्या झालेल्या असतात. वर्गीकरण करणारा प्रोग्राम मग मधुमेह शिकतो की टोपणाचा रंग, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

या तंत्रात यंत्रापेक्षा नमुना आणि गणित जास्त फसवतात. म्हणून आधी हे पाहू की शोधायची गोष्ट मुळात आहे तरी केवढी.

सिग्नल केवढा असतो

तांबड्या पेशीत ग्लुकोज शिरायला इन्सुलिन लागत नाही. पेशीच्या आवरणातलं ग्लुट-१ हे प्रथिन त्याला आत घेतं, त्यामुळे आतली साखर जवळजवळ प्लाझ्माइतकीच राहते. हे ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला असलेल्या व्हॅलिनला चिकटतं. आधी शिफ बेस तयार होतो, तो सुटू शकतो. मग अमाडोरी पुनर्रचना होऊन पक्का कीटोअमाइन बनतो. हेच एचबीएवनसी. मधुमेहींच्या रक्तात या वेगळ्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढलेलं असतं हे सॅम्युएल रहबर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगतो, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा मोठा. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था.

आता हिशेब करू. हिमोग्लोबिनच्या एका रेणूचं वस्तुमान सुमारे ६४,५०० डाल्टन. ग्लुकोज चिकटून पाण्याचा एक रेणू निघून गेला की त्यात १६२ डाल्टनची भर पडते, म्हणजे पाव टक्का. ज्याचं एचबीएवनसी ५ आहे आणि ज्याचं ८ आहे, त्यांच्यात शंभरातल्या तीन रेणूंचा फरक. पाव टक्क्याचे तीन टक्के म्हणजे एक लाखात साडेसात भाग. इतर ठिकाणी, लायसिनवर वगैरे, चिकटलेली साखर धरली तरी हा आकडा थोडाच वर सरकतो.

डिटेक्टरवर मोजलेल्या प्रकाशाचा किमान गोंधळ (नॉइज) हा त्या प्रकाशाने डिटेक्टरमध्ये सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. दहा हजार इलेक्ट्रॉन जमले तर गोंधळ एक टक्का, दहा लाख जमले तर एक दशांश टक्का. लाखात साडेसात भागांचा फरक नुसता गोंधळाच्या बरोबरीला आणायला सुमारे अठरा कोटी इलेक्ट्रॉन लागतील, तेही एकेका पट्ट्यात. एका पेशीवर दहा सेकंदांत ते जमत नाहीत.

म्हणून ‘११२५ च्या शिखरावर ग्लुकोज दिसलं’ असं वाक्य वाचलं की सावध व्हावं. ग्लुकोजच्या पाण्यातल्या द्रावणाला ११२५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास ठळक पट्टा असतो, हे खरं (प्रति सेंटिमीटर हे प्रकाश किती सरकला त्याचं माप; शिखरांचे पुढचे आकडे याच मापातले). पण त्याच जागेच्या शेजारी हीमचा (हिमोग्लोबिनमधल्या लोह असलेल्या भागाचा), प्रथिनांच्या कार्बन-नायट्रोजन बंधांचा आणि आवरणातल्या मेदाच्या कार्बन-कार्बन बंधांचा वाटा आहे. शिवाय पेशी साखर नसलेल्या बफरने तीनदा धुतलेल्या असतील, तर मोकळं ग्लुकोज ज्या वाटेने आत आलं त्याच वाटेने निघून गेलेलं असतं. धुतलेल्या पेशीत मोकळ्या साखरेचं शिखर दाखवणारा निबंध दुसरंच काहीतरी दाखवत असतो. पेशी धुतल्या नाहीत तरीही फारसं बदलत नाही. १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे लिटरमागे १.८ ग्रॅम साखर, आणि पेशीतलं हिमोग्लोबिन लिटरमागे ३३० ग्रॅम.

मग काहीच दिसत नाही का? दिसतं, पण आडवाटेने. बीटा साखळीचं टोक साखरेने अडलं की तिथे २,३-डीपीजी (हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावणारा पेशीतला रेणू) नीट बसत नाही आणि ऑक्सिजनची ओढ थोडी बदलते. आवरणातल्या मेदाचं ऑक्सिडीकरण वाढतं, पेशी ताठर होते, तिचा लवचीकपणा कमी होतो. साखर चिकटल्यानंतर पुढच्या टप्प्यात बनणारी एजीई संयुगं चमकतात आणि वर्णपटाखालची पार्श्वभूमी उचलतात. हे बदल खरे आहेत. अडचण अशी की यातला प्रत्येक बदल मधुमेहाशिवायही घडतो: धूम्रपानाने, वयाने, आणि रक्त सहा तास टेबलावर राहिल्यानेही.

कोणता लेझर

हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरला प्रचंड आणि ५४२ व ५७७ ला बऱ्यापैकी प्रकाश शोषतं. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर घेतला तर हीमचे पट्टे अनुनादाने (लेझरचा रंग रेणूच्या शोषणाशी जुळल्याने) उसळतात, एक-दोन सेकंदांत झकास वर्णपट मिळतो. पण उसळतं ते हीमच. आवरण आणि प्रथिनाचा सांगाडा त्याखाली गाडला जातो. शोषलेला प्रकाश पेशीलाही जाळतो, म्हणून पेशीवर अर्धा मिलिवॅटच्या आसपासच थांबावं लागतं. ७८५ नॅनोमीटरवर प्रकाशाचं विखुरणं बरंच कमी होतं, कारण ते तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटतं. पण अनुनाद कमी असल्याने फेनिलअलानिनचं १००३, मेद-प्रथिनांचं १४५० आणि अमाइड-१ चं १६५५ हे पट्टे डोकं वर काढतात. एकेका पेशीसाठी मी ७८५ च निवडेन. १०६४ वर फ्लुरोसन्स (नमुन्याची स्वतःची चमक) सर्वांत कमी, पण सिलिकॉनचा डिटेक्टर तिथे आंधळा. इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा घ्यावा लागतो आणि त्याचा स्वतःचा गोंधळ जास्त असतो.

७८५ चा डायोड साधा घेऊ नये. साध्या डायोडची तरंगलांबी तापमानाच्या एका अंशामागे पाव नॅनोमीटरहून थोडी जास्त सरकते. ७८५ जवळ ०.०६ नॅनोमीटर म्हणजे एक प्रति सेंटिमीटर. खोलीचा एसी चालू-बंद झाला तरी वर्णपट चार प्रति सेंटिमीटर इकडेतिकडे. व्हॉल्यूम ब्रॅग ग्रेटिंगने बांधलेला, एकाच मोडचा लेझर हवा. त्याच्यापुढे क्लीन-अप फिल्टर, परतीच्या वाटेवर ओडी ६ चा (लेझरचा प्रकाश दहा लाख पटींनी अडवणारा) लाँग-पास एज फिल्टर, ६०० रेषा प्रति मिलिमीटरची ग्रेटिंग, ५० मायक्रोमीटरची फट आणि उणे ६० ते उणे ७० अंशांपर्यंत थंड केलेला, डीप-डिप्लीशन प्रकारचा सीसीडी (प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चिप). साधा मागून पातळ केलेला सीसीडी या पट्ट्यात स्वतःच्याच आतल्या परावर्तनांमुळे लाटा दाखवतो. त्या लाटांना शिखरं समजण्याची चूक नवख्या हाताकडून हमखास होते. ६०० ते १८०० प्रति सेंटिमीटरचा भाग ८२४ ते ९१४ नॅनोमीटरवर येतो. २९०० चा मेदाचा भाग १०१६ ला जातो आणि तिथे सिलिकॉन जवळपास संपतो, म्हणून ७८५ वर त्या भागाच्या भरवशावर काही बांधू नये.

रोज काम सुरू करताना सिलिकॉनच्या तुकड्याचं ५२०.५ आणि पॉलिस्टायरिनचं १००१.४ मोजायचं. दोन्ही ठरलेल्या जागी नसतील तर रक्ताला हात लावायचा नाही. दर तासाला पुन्हा मोजायचं आणि त्या फाइल्स जपून ठेवायच्या. त्यांचं काम पुढे येईल.

नमुना

दोन मिलिलिटर रक्त, सगळ्यांचं के२-ईडीटीएमध्ये, भरलेल्या खुणेपर्यंत. बल्ब अर्धवट भरला तर ईडीटीए जास्त होतं आणि पेशी आक्रसतात. हलवायचा नाही, आठ-दहा वेळा हळू उलटासुलटा करायचा. त्यातलंच अर्धा मिलिलिटर एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर) एचबीएवनसीसाठी पाठवायचं. संदर्भाचा आकडा दुसऱ्या दिवशीच्या रक्ताचा असू नये.

मग ५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट) वर १० मिनिटं, ४ अंशांना सेंट्रीफ्यूज. इथे आरपीएम लिहून उपयोग नाही, रोटरच्या त्रिज्येनुसार जी बदलतो. वरचा प्लाझ्मा आणि मधला पांढुरका थर पिपेटने काढून टाकायचा, आणि त्याबरोबर वरच्या थोड्या तांबड्या पेशी गेल्या तर जाऊ द्यायच्या. पण किती, हे सगळ्या नमुन्यांत सारखं ठेवायचं, कारण वर तरुण पेशी असतात आणि त्यांच्यात साखर चिकटलेली कमी. पीएच ७.४, २९० मिलिऑस्मोलचं पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर) घालून धुवायचं, असं तीनदा. धुतलेलं पाणी गुलाबी दिसलं तर पेशी फुटल्यात. नमुना बाद.

साध्या पीबीएसमध्ये काचेवर ठेवलेल्या तांबड्या पेशी थोड्याच वेळात काटेरी होतात. काचेजवळ पीएच चढतो आणि पेशीच्या कडेला टोकं फुटतात. मधुमेहींच्या पेशी यात लवकर बदलतात की उशिरा, हा वेगळा प्रश्न. पण एका गटाच्या पेशी तबकडीसारख्या आणि दुसऱ्याच्या काटेरी असताना घेतलेले वर्णपट वेगळे येणारच. उपाय स्वस्त आहे: बफरमध्ये ०.१ ते ०.५ टक्के अल्ब्युमिन आणि ५ मिलिमोलर ग्लुकोज. अल्ब्युमिनचा स्वतःचा वर्णपट असतो, पण इतक्या विरळ द्रावणात तो वजा करता येतो. ग्लुकोज सगळ्या नमुन्यांत सारखंच घालायचं हे सांगायला नको.

मूळ रक्ताच्या हिशेबाने एकास हजार विरळ केलं की मायक्रोलिटरमागे सुमारे पाच हजार पेशी राहतात. ०.१ मिलिमीटर खोलीच्या कक्षात त्या चौरस मिलिमीटरमागे पाचशे होतात, म्हणजे शंभरपट लेन्सखाली एका दृश्यात चार-पाच. बरोबर हवी तेवढी विरळता. काच साधी वापरायची नाही. ७८५ खाली साधी काच १४०० च्या आसपास रुंद डोंगर उभा करते आणि पेशीची शिखरं त्याच्या उतारावर बसतात. कॅल्शियम फ्लोराइडचं एकच टोकदार शिखर ३२१ ला असतं, कामाच्या भागाच्या बाहेर. ते महाग पडत असेल तर क्वार्ट्झ चालतं. पेशी हलू नयेत म्हणून तळाला ०.०१ टक्के पॉली-एल-लायसिनचा थर द्यायचा. ऑप्टिकल ट्वीझरने (लेझरच्याच चिमट्याने) पकडणार असाल तर तो नको.

रक्त काढल्यापासून मोजेपर्यंत चार तासांच्या वर जाऊ नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही गटांत ही वेळ सारखी हवी.

लेझरखाली

०.९ न्युमेरिकल ॲपर्चरच्या लेन्सने ७८५ चा ठिपका सुमारे एक मायक्रोमीटर व्यासाचा होतो. त्यातून ५ मिलिवॅट म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेपाच लाख वॅटच्या वर. पाणी यात तापत नाही, हीम तापतं. तापलेल्या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटले की १२४८ आणि १३६६ च्या आसपासचे पट्टे वाढू लागतात आणि पार्श्वभूमी उचलली जाते. हा बदल दिसायला मधुमेहाच्या ‘सिग्नल’सारखाच असतो, आणि त्याहून कितीतरी मोठा.

म्हणून शक्ती अंदाजाने ठरवायची नाही. एक पेशी घ्यायची, एक मिलिवॅटवर पाच-पाच सेकंदांचे वीस वर्णपट एकापाठोपाठ काढायचे. मग नवी पेशी, दोन मिलिवॅट. मग पाच, मग दहा. प्रत्येक वेळी १२४८, १३६६ आणि पार्श्वभूमीची उंची वेळेसमोर मांडायची. रेष ज्या शक्तीला वर वळायला लागते तिच्या निम्म्यावर काम करायचं. लेझरवर लिहिलेली शक्ती कामाची नाही; लेन्समधून बाहेर पडलेली मीटरने मोजायची, दोन्हींत सहज निम्म्याचा फरक असतो.

पडून असलेली पेशी मध्ये पातळ, कडेला जाड. ठिपका मध्यावर ठेवला की सिग्नल निम्म्याहून कमी. हाताने जागा निवडली तर निवडणाऱ्याची सवय वर्णपटात उतरते. पेशीभर एक मायक्रोमीटरच्या पायरीने आठ बाय आठ ठिपके घेतले, प्रत्येकी एक सेकंद, तर मिनिटभरात पूर्ण पेशीची सरासरी मिळते आणि एकेका जागेवर भारही कमी पडतो. ट्वीझरमध्ये पेशी झोताच्या दिशेला उभी राहते, प्रकाश तिच्या लांबीतून जातो, सिग्नल वाढतो. मात्र पकडायला लागणारी शक्ती मोजायला लागणाऱ्या शक्तीपेक्षा जास्त असते, आणि पकडलेल्या पेशीला विश्रांती नसते.

सर्वांत जास्त फसवतो तो ऑक्सिजन. ऑक्सिजन असलेल्या हिमोग्लोबिनचा पट्टा १३७५ जवळ, नसलेल्याचा १३५७ च्या आसपास. तसंच १६३८ आणि १६०५. शिरेतून काढलेलं रक्त अर्धवट ऑक्सिजनचं असतं. बंद कक्षात ठेवलेल्या पेशी काही वेळाने बदलतात, लेझर त्यात भर घालतो. एचबीएवनसीच्या परिणामाच्या शेकडो पट मोठा हा बदल आहे. मोजण्याआधी पातळ केलेला नमुना दहा मिनिटं उघड्या हवेत हळू ढवळून सगळा ऑक्सिजनने भरून घ्यायचा, आणि प्रत्येक वर्णपटासाठी १६०५ आणि १६३८ चं गुणोत्तर काढून ठरलेल्या मर्यादेबाहेरचे काढून टाकायचे. मर्यादा गट न बघता, आधी ठरवायची. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन जास्त असतं, तेही या भागात ढवळाढवळ करतं. त्यांची नोंद वेगळी हवी.

डोळ्यांबद्दल एवढंच: ७८५ चा झोत अंधुक लाल ठिपक्यासारखा दिसतो आणि म्हणून निरुपद्रवी वाटतो. तो वर्ग ३-बी चा लेझर आहे, त्या तरंगलांबीचा चष्मा घातल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

आकडेमोड

क्रम ठरलेला: कॉस्मिक किरणांचे एक-दोन खुणांचे सरळ सुळके काढणं, डार्क (अंधारात डिटेक्टर देतो तो आकडा) वजा, यंत्राच्या प्रतिसादाची दुरुस्ती, वेव्हनंबरची (आडव्या अक्षावरच्या प्रति सेंटिमीटरच्या आकड्यांची) जुळणी, बफर वजा, मग बेसलाइन (शिखरांखालची पार्श्वभूमी) काढणं, मग नॉर्मलायझेशन (सगळे वर्णपट एका मापावर आणणं). सॅव्हिट्स्की-गोले गुळगुळीत करण्याची खिडकी ९ किंवा ११ बिंदूंची, त्याहून मोठी नको. बेसलाइनला असममित लीस्ट-स्क्वेअर पद्धत बरी. तिच्यातले दोन आकडे हलवून बघायचे, आणि निकाल त्यांच्यासोबत हलला तर तो निकाल नव्हे.

वेव्हनंबरच्या जुळणीबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण इथे बहुतेक ‘शोध’ जन्म घेतात. पंधरा प्रति सेंटिमीटर रुंदीचा एक पट्टा घ्या आणि दोन वर्णपटांत तो फक्त एकाने सरकलेला आहे असं समजा. दोन्ही वजा केले तर उरणारा फरक पट्ट्याच्या उंचीच्या आठ-नऊ टक्के. ०.१ ने सरकला तरी जवळपास एक टक्का. ज्या फरकाच्या मागे आपण आहोत तो याहून लहान आहे. ओळखायची खूण सोपी: फरकाच्या वर्णपटात प्रत्येक मोठ्या शिखराच्या जागी एक वर, एक खाली अशी जोडी दिसत असेल, आणि सगळ्या जोड्यांची दिशा एकच असेल, तर यंत्र सरकलंय. तो मधुमेह नव्हे. सिलिकॉन आणि पॉलिस्टायरिनच्या दर तासाच्या फाइल्स इथे लागतात. पेशीतल्या १००३ च्या शिखरावरून जुळवता येतं, पण मग तेच शिखर ‘फरक’ म्हणून दाखवता येत नाही.

आता मोजणी. तीस मधुमेही, तीस निरोगी, प्रत्येकाच्या वीस पेशी. वर्णपट झाले बाराशे, पण माणसं साठच. बाराशे वर्णपट पिसून काही शिकवायला आणि काही तपासायला वाटले, तर एकाच माणसाच्या पेशी दोन्हीकडे जातात आणि प्रोग्राम माणूस ओळखतो. आजार ओळखायची त्याला गरजच पडत नाही. नव्वदीच्या पुढचे कित्येक आकडे इथून येतात. वाटणी माणसानुसारच हवी: एक माणूस पूर्ण बाहेर ठेवायचा, बाकीच्यांवर शिकवायचं, त्याला तपासायचं. पीसीए (शेकडो आकडे मोजक्या घटकांत गुंडाळणारी पद्धत), सरासरी काढणं, पट्टे निवडणं हे सगळं त्या बाहेरच्या माणसाला न दाखवता, प्रत्येक फेरीत नव्याने. पीसीए आधीच सगळ्यांवर चालवून ठेवला असेल तर गळती तिथेच झाली.

आणि साठ माणसांत तीसपैकी सत्तावीस मधुमेही बरोबर ओळखले तर ‘९० टक्के’ लिहून भागत नाही. त्या आकड्याचा ९५ टक्के विश्वासाचा पल्ला ७४ ते ९७ आहे. तोही छापावा.

माझ्या मते एक चाचणी सक्तीची असायला हवी. फक्त निरोगी लोकांचे वर्णपट घ्यायचे, ते मोजलेल्या तारखेनुसार दोन गटांत वाटायचे आणि तोच प्रोग्राम चालवायचा. तो जर ‘पहिल्या आठवड्याचे’ आणि ‘दुसऱ्या आठवड्याचे’ सत्तर-ऐंशी टक्के बरोबर वेगळे करत असेल, तर मधुमेहाचा निकाल बाजूला ठेवून यंत्राकडे बघायचं. तारखेऐवजी बल्बचा लॉट, रक्त काढल्यापासूनचे तास, नमुना तयार करणारा माणूस यांवरही चालवून पाहावं. मोजताना नमुन्यांना सांकेतिक क्रमांक द्यायचे आणि दोन्ही गट एकाच दिवशी आलटूनपालटून मोजायचे, म्हणजे ही चाचणी पार व्हायला मदत होते.

गट निवडतानाही हात जरा आखडता हवा. एकीकडे पासष्टीचे, मेटफॉर्मिन आणि स्टॅटिन घेणारे, एचबीएवनसी ९ च्या वरचे रुग्ण आणि दुसरीकडे पंचविशीतले विद्यार्थी असं केलं, तर लेझरची गरज नाही, जन्मतारीख पुरते. वय जुळवायचं, आणि मुख्य म्हणजे ५.७ ते ६.४ मधली माणसं भरपूर घ्यायची. दोन गटांत वाटणी न करता एचबीएवनसीचा आकडाच वर्तवायचा प्रयत्न करायचा आणि चूक किती टक्क्यांची येते ते सांगायचं. एचपीएलसीची पुनरावृत्तीतली चूक दोन टक्क्यांच्या आत असते, म्हणजे ६.५ च्या जागी फार तर ६.४ किंवा ६.६. पेशीच्या वर्णपटावरून ०.५ ची चूक येत असेल तर निदानाची रेषा त्या चुकीत बुडते.

तपासणी शिबिरासाठी हे वापरायचं म्हटलं तर आणखी एक हिशेब. हजार माणसं, त्यांत शंभर मधुमेही, चाचणीची संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही ९० टक्के. नव्वद मधुमेही सापडतील आणि नव्वद निरोगी लोकांनाही मधुमेही म्हटलं जाईल. पॉझिटिव्ह आलेल्या दर दोघांत एकाला तो नाही. प्रत्येकाला शेवटी रक्त द्यायला जावंच लागणार, आणि रक्त तर आपण आधीच काढलेलं आहे.

मग करायचं कशासाठी

एचबीएवनसी स्वस्तात आणि अचूक मोजता येतं तिथे लेझरने तेच मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. हिमोग्लोबिन वेगळं काढून त्याचा थेंब वाळवून मोजण्याची पद्धत मात्र वेगळी आहे. एमआयटीच्या लेझर बायोमेडिकल रिसर्च सेंटरमध्ये इशान बर्मन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ती साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनसाठी वापरून दाखवली. थेंब वाळताना प्रथिन कडेला गोळा होतं, तिथे सिग्नल दाट मिळतो, आणि आवरण, ऑक्सिजन, पेशीचा आकार या भानगडी बऱ्याच कमी होतात. रसायन पाहायचं असेल तर हा मार्ग सरळ.

पेशीवरच लेझर टाकायचा असेल तर प्रश्न असा निवडावा ज्याचं उत्तर सरासरीत हरवतं. तांबड्या पेशी लवकर मरतात किंवा नव्या पेशींची भर पडते अशा रुग्णांत, म्हणजे हिमोलिसिस (पेशी फुटणं), नुकतंच चढवलेलं रक्त, डायलिसिसबरोबर एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारं औषध), एचबीएवनसी खोटं कमी येतं. लोह कमी असेल तर उलट, ते वर जाऊ शकतं. नुसत्या पेशी मोजून लेझरलाही हीच फसवणूक होईल, कारण हिमोग्लोबिन तेच आणि त्याचं वयही तेच. पण पेशीचं वय कळलं, तर वयासोबत चिकटलेली साखर किती वेगाने वाढते हे काढता येईल. तो वेग पेशीच्या आयुष्यावर नाही, रक्तातल्या साखरेवर अवलंबून असतो.

एकेका पेशीत हे मोजण्याइतके इलेक्ट्रॉन मिळत नाहीत, ते वर पाहिलं. पण थरांत मिळू शकतात. म्हातारी पेशी जड असते. पर्कॉल नावाच्या द्रावणाच्या घनतेच्या उतरंडीत, १.०८ ते १.११ ग्रॅम प्रति मिलिलिटरच्या दरम्यान, पेशी वेगळ्या होतात. वरचा दहा टक्के आणि तळाचा दहा टक्के थर वेगळा काढायचा, पर्कॉल धुऊन टाकायचं, दाबून बसवलेल्या पेशी कॅल्शियम फ्लोराइडच्या खळगीत भरायच्या आणि ठिपका मुद्दाम पसरट करून मिनिटभर मोजायचं. एका वेळी हजारो पेशी झोतात येतात, शक्ती पसरल्यामुळे जळत नाहीत, आणि दोन्ही थर एकाच माणसाचे असल्याने वय, औषधं, बल्ब आणि तारीख आपोआप जुळतात. पर्कॉलमध्ये सिलिकाचे कण असतात, नीट धुतलं नाही तर ८०० च्या खाली रुंद उंचवटा येतो. प्रत्येक थराचा थोडा भाग एचपीएलसीला द्यायचा. वरच्या-खालच्या थरातला एचबीएवनसीचा फरक तिथे स्पष्ट येतो आणि वर्णपटात मात्र काहीच नाही, असं झालं तर त्या यंत्रावर मधुमेही विरुद्ध निरोगी हा प्रयोग सुरू करू नये.